खोडदच्या तीस तबकड्या नेमके काय ऐकतात, आणि जेम्स वेबच्या काळात त्यांचे काम उरले आहे का?

मीनाकाठ (धागाकर्ता)

माझे आजोळ पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आहे; शेजारच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही बांधावर बसून खोडदच्या बाजूला पाहत असू, तेव्हा त्या जाळीदार तबकड्या सकाळी एका दिशेला तोंड करून असायच्या आणि दुपारी जेवून आलो की दुसऱ्याच दिशेला. आजी म्हणायची, "फिरवली बघा त्यांनी मान." ती दुर्बीण आहे एवढे आम्हांला ठाऊक होते, पण दुर्बिणीला डोळा लावायची जागा कुठे असते, हा प्रश्न विचारायचे धाडस कुणी केले नाही.

गेल्या आठवड्यात नववीतल्या भाच्याने जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेली छायाचित्रे मोबाइलवर दाखवली आणि विचारले, "मामा, आपल्या खोडदच्या दुर्बिणीने काढलेला असा एखादा फोटो दाखव ना." मला उत्तर देता आले नाही, म्हणून हा धागा. रेडिओ दुर्बीण चित्र काढते का? काढत असेल तर कसे? आणि साडेसहा मीटरचा सोनेरी आरसा पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर काम करत असताना, गेल्या शतकात जमिनीवर उभ्या केलेल्या या तबकड्यांचे काम अजून उरले आहे, की आता त्या केवळ अभिमानाने दाखवायच्या वास्तू झाल्या आहेत? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

टोमॅटोवाला

सविस्तर उत्तर जाणकार देतीलच. आमच्याकडे मुंबईहून आलेला प्रत्येक पाहुणा मात्र एकच प्रश्न विचारतो, की एवढ्या मोठ्या डिशवर चॅनेल किती दिसतात.

लहरी

रेडिओ खगोलशास्त्राचा विद्यार्थी म्हणून काही वर्षे या दुर्बिणीच्या निरीक्षणांवर काम केले आहे, त्यामुळे थोडे लांबण लावतो.

पाहुण्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे की तिथे सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले जवळजवळ सगळे 'चॅनेल' लागतात, फक्त कार्यक्रम फार जुने असतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती भागात आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन भुजांवर पसरलेल्या आहेत. टोकाच्या दोन तबकड्यांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे.

डोळा लावायची जागा तिथे नाही, कारण एकटी तबकडी आकाशाचे चित्र काढतच नाही. २१ सेंटिमीटर तरंगलांबीला एका तबकडीला आकाशाचा जो तुकडा एकत्रितपणे जाणवतो, तो रुंदीला चंद्रबिंबाच्या जवळपास पाऊणपट असतो, आणि त्या तुकड्याच्या आत काय कुठे आहे ते तिला सांगता येत नाही. तपशील मिळतो तो जोड्यांतून. एकाच स्रोताची लहर दोन तबकड्यांपर्यंत अगदी किंचित वेगवेगळ्या वेळी पोचते. हा फरक मोजून दोन्ही संकेतांचा गुणाकार केला की त्या जोडीपुरता चित्राचा एक धागा हाती लागतो. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. पृथ्वी फिरते तशी आकाशातून पाहिल्यास प्रत्येक जोडीची लांबी आणि दिशा बदलत जाते, म्हणून आठ-दहा तास एकाच स्रोताकडे पाहत राहिले की हजारो वेगवेगळे धागे जमतात आणि संगणक त्यांचे चित्र विणतो. परिणामी २५ किलोमीटर व्यासाच्या दुर्बिणीएवढी बारीक नजर मिळते. लहर गोळा करणारे क्षेत्रफळ मात्र तीस तबकड्यांएवढेच असते, हे विसरू नये.

मीनाकाठ यांनी आजीचे वाक्य दिले आहे, ते शब्दशः खरे आहे. निरीक्षण चालू असताना तबकडी सतत हळूहळू मान वळवत असते, आणि वारा ठरावीक मर्यादेपुढे गेला की तोंड सरळ वर करून थांबते.

आता जाळीविषयी. जवळ उभे राहिल्यावर पहिले आश्चर्य हेच वाटते, की एवढ्या अवाढव्य तबकडीतून पलीकडचे ढग दिसतात. तिचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेच्या जाळीचा आहे. मध्यभागी जाळीची भोके दहा मिलिमीटरची आणि कडेला वीस मिलिमीटरची आहेत. पुरणयंत्राच्या चाळणीतून पुरण उतरते पण न शिजलेली डाळ वरच राहते, तसेच इथे होते: वारा जाळीतून आरपार जातो, पण वीत-दीड वीत किंवा त्याहून लांब असलेली रेडिओ लहर भोकांतून निसटू शकत नाही आणि परावर्तित होते. वाऱ्याचा दाब कमी, म्हणून सांगाडा हलका. सांगाडा हलका, म्हणून खर्च कमी. पोलादी नळ्यांच्या सोळा कमानी, त्यांच्यामध्ये ताणलेले तारेचे दोर आणि त्या दोरांना बांधलेली जाळी, ही रचना प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आली. माझ्या मते अख्ख्या दुर्बिणीतली सर्वांत आधुनिक वस्तू तीच आहे, कारण पैसे कमी आहेत हे मान्य करून ती सुचलेली आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सवडीने देतो.

जुनाकल्याणकर

गोविंद स्वरूप यांचे नाव निघाले म्हणून थोडे मागे जातो. १९६५ साली आमच्या कल्याणला सहा फुटी ३२ छोट्या तबकड्यांची दुर्बीण उभी राहिली होती आणि ती सूर्याचे निरीक्षण करत असे. त्या तबकड्या सिडनीजवळच्या एका बंद झालेल्या दुर्बिणीच्या होत्या. पुढे १९७० साली उटीला ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण डोंगराच्या उतारावर बांधली गेली. तो उतार मुद्दाम निवडलेला होता. तिथले अक्षांश सुमारे ११ अंश आणि डोंगराचा उतारही तेवढाच, त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि केवळ एका अक्षाभोवती फिरवून तारा अनेक तास धरून ठेवता येऊ लागला. यंत्राने करायचे काम डोंगराकडून करून घेण्याची ही युक्ती मला आजही थोर वाटते. खोडदची दुर्बीण या परंपरेतली तिसरी आहे.

चांदणचकवा

लहरी यांचे विवेचन उत्तम आहे, परंतु धाग्याच्या मूळ प्रश्नाला वळसा दिला जात आहे, असे मला नम्रपणे वाटते. मी हौशी आकाशनिरीक्षक आहे आणि जेम्स वेबचा चाहता आहे. २५ डिसेंबर २०२१ रोजी ती दुर्बीण प्रक्षेपित झाली तेव्हा सोन्याचा मुलामा दिलेल्या बेरिलियमच्या १८ षट्कोनी आरशांची घडी अवकाशात उलगडायची होती. टेनिसच्या मैदानाएवढी पाच पदरी सावली ताणायची होती, आणि एक उपकरण तर सात केल्व्हिनपेक्षाही थंड ठेवायचे होते. यातले काहीही बिघडले असते तर दुरुस्तीला माणूस जाऊ शकला नसता. हबलचा आरसा सदोष निघाला तेव्हा डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन उपाय केला. इथे ती सोय नाही. एवढे करून तिने विश्वाच्या पहिल्या तीस-चाळीस कोटी वर्षांतल्या दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह, दाखवल्या.

याच्या शेजारी जाळीची तबकडी ठेवली की माझ्यासारख्या सामान्य वाचकाला प्रश्न पडणारच: आपण जुन्या यंत्राचे कौतुक त्याच्या कामासाठी करतो आहोत, की ते आपले आहे म्हणून?

लहरी

चांदणचकवा, आपला प्रश्न रास्त आहे आणि त्यात वळसा घेण्यासारखे काही नाही.

जेम्स वेबला जे दिसते ते अवरक्त प्रकाशात दिसते, म्हणजे साधारण ०.६ ते २८ मायक्रॉन तरंगलांबीत. तारे आणि तापलेली धूळ त्यात झळकते. पण तारे ज्या थंड हायड्रोजन वायूपासून बनतात, तो अणुरूप हायड्रोजन तिथे मुका असतो. तो बोलतो २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर, म्हणजे १४२० मेगाहर्ट्झला, आणि अतिशय हळू बोलतो. दूरच्या दीर्घिकेतून येताना विश्वाच्या प्रसरणामुळे ही लहर ताणली जाते. अर्नब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलेल्या निरीक्षणात १.२९ एवढी ताम्रसृती (लहर किती ताणली गेली त्याचे माप) असलेल्या दीर्घिकेतला हायड्रोजन खोडदच्या दुर्बिणीने टिपला. २१ सेंटिमीटरची ती लहर इथे पोचेपर्यंत ४८ सेंटिमीटरची झाली होती आणि निघाल्यापासून सुमारे ८८० कोटी वर्षे प्रवास करत होती. अर्थात मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून संकेत सुमारे तीसपट वाढवला, म्हणूनच हे शक्य झाले.

जिथे असे नैसर्गिक भिंग मिळत नाही, तिथे दुसरी युक्ती करतात. २०२० मध्ये ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून, सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी एका सरासरी दीर्घिकेत किती अणुरूप हायड्रोजन होता ते याच दुर्बिणीने मोजले गेले. निष्कर्ष असा निघाला की त्या काळच्या ताऱ्यांच्या जन्माचा वेग इतका होता, की हा साठा एक-दोन अब्ज वर्षांत संपून जावा. विश्वात तारे जन्मण्याचे प्रमाण पुढे का घसरले, याचे कारण त्यातून दिसू लागते. चुलीवरचा भात जेम्स वेब दाखवते. कणगीत तांदूळ किती उरला होता ते खोडदला कळते.

आता 'जुने यंत्र' या शब्दाविषयी. तबकड्या जुन्या आहेत, हे खरे. पण त्यांचे कान आणि मेंदू बदलले आहेत. पूर्वी एका वेळी जेमतेम ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकता येत असे, आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकता येतो. जमिनीवर असल्याचा हा फायदा आहे: सांगाडा तोच ठेवून लहरी टिपणारे ग्राहक (रिसीव्हर), प्रकाशतंतूंच्या वाहिन्या आणि संगणक बदलत राहता येतात.

गणिताचा मास्तर

'अतिशय हळू बोलतो' म्हणजे किती हळू, ते आकड्यांत मांडतो, कारण वर्गात हे गणित मुलांना फार आवडते.

रेडिओ खगोलशास्त्रात संकेताची तीव्रता जान्स्की या एककात मोजतात. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १ वॉट भागिले १ वर २६ शून्ये. आता एक वॉटचा जुन्या पद्धतीचा मोबाइल चंद्रावर ठेवला आहे असे समजा. त्याची ऊर्जा २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्व दिशांना पसरते. चंद्राचे अंतर ३,८४,००० किलोमीटर धरून त्या त्रिज्येच्या गोलाच्या क्षेत्रफळाने भागले, मग पट्ट्याच्या रुंदीने भागले, तर पृथ्वीवर सुमारे २७० जान्स्की मिळतात. खोडदच्या दुर्बिणीने कितीतरी तास निरीक्षण करून २७ मायक्रोजान्स्कीचा (मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग) स्रोत शोधला, तर तो स्रोत चंद्रावरच्या त्या मोबाइलपेक्षा एक कोटी पटींनी मंद असतो.

आणि मोबाइल चंद्रावर नसतोच. तो दहा किलोमीटरवर कुणाच्या तरी खिशात असतो, म्हणजे आणखी सुमारे दीड अब्ज पटींनी प्रखर.

लहरी

मास्तर, गणित अचूक आहे, पण त्यातून एक गैरसमज होऊ शकतो म्हणून पुस्ती जोडतो. खिशातला मोबाइल तबकडीच्या रोखाने नसतो. त्याची लहर बाजूने, फार मोठ्या प्रमाणात दुबळी होऊन शिरते, आणि मध्ये डोंगर असतील तर आणखी अडते. खोडद निवडण्यामागे हेही एक कारण होते. भोवतीच्या डोंगरांमुळे शहरांचा गोंगाट कमी पोचतो, पुणे सुमारे ८० किलोमीटरवर असल्याने ये-जा सोपी आहे, आणि १९ अंश अक्षांशावर आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) दक्षिण भारतापेक्षा शांत असूनही दक्षिणेचे बरेचसे आकाश दिसते. तरीही आपला मुद्दा बरोबर आहे: या दुर्बिणीचा एकतिसावा आणि सर्वांत नाजूक भाग म्हणजे तिच्या भोवतीची शांतता.

शेवंता

मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही, पण या गोंगाटाचा अनुभव घरात घेतलेला आहे. सकाळी आकाशवाणी लावलेली असताना मिक्सर सुरू केला की बातम्यांच्या जागी खरखर ऐकू येते. नवा स्वस्तातला एलईडी दिवा आणला, तर तो नुसता लावल्यावरही ट्रान्झिस्टर कुरकुरू लागला आणि दिवा बंद करताच गप्प झाला. दुर्बिणीला त्रास होतो तो याच जातीचा का?

लहरी

अगदी याच जातीचा, शेवंताताई. मिक्सरच्या मोटारीत बारीक ठिणग्या उडतात आणि ठिणगी ही एकाच वेळी सगळ्या वारंवारतांवर ओरडते. विजेच्या खांबावर चिनी मातीचा इन्सुलेटर तडकला किंवा तारेचा जोड सैल झाला, तर तिथे अशाच ठिणग्या अखंड उडत राहतात, आणि कमी वारंवारतेच्या निरीक्षणांना त्याचा फार उपद्रव होतो. असा एक खांब शोधण्यासाठी हातात अँटेना घेऊन तारांखालून चालावे लागते. विश्वाचा अभ्यास म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे चित्र येते त्यात हे काम बसत नाही, पण ते केल्याशिवाय पुढचे काही होत नाही. उरलेला गोंगाट संगणकीय गाळणीने निरीक्षण चालू असतानाच काढावा लागतो.

आता वरूनही गोंगाट येतो. युरोपातल्या लोफार या दुर्बिणीने २०२३ मध्ये दाखवून दिले की स्टारलिंकच्या उपग्रहांमधून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अनाहूत प्रारण गळते. डोंगर शहराला अडवतो, उपग्रहाला नाही.

टोमॅटोवाला

आता विनोद बाजूला ठेवून लिहितो. या शांततेचा हिशेब आमच्या तालुक्यात वेगळ्या वहीत लिहिला जातो. पुणे-नाशिक रेल्वे आमच्या बाजूने येणार म्हणून वर्षानुवर्षे ऐकत होतो, आणि दुर्बिणीमुळे तो मार्ग बदलावा लागेल असे रेल्वेमंत्र्यांनीच सांगितले. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोच्या जाळ्या रात्री गाडीत चढतात आणि घाटात वाहने अडकली की भाव वाशीला पोचण्याआधीच उतरलेला असतो. परिसरात मोठे उद्योगही येऊ शकत नाहीत.

मी विज्ञानाच्या विरोधात नाही. माझी मुलगी दरवर्षी २८ फेब्रुवारीला तिथल्या विज्ञान प्रदर्शनाला जाते आणि महिनाभर त्याविषयीच बोलते. पण ८८० कोटी वर्षांपूर्वीचा हायड्रोजन ऐकण्याची किंमत नेमकी कुणी मोजायची, हा प्रश्न विचारला की लगेच आम्हांला अडाणी ठरवले जाते, ते खटकते.

चांदणचकवा

टोमॅटोवाला यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. वर मी दुर्बिणीच्या उपयुक्ततेविषयी शंका घेतली होती, ती लहरी यांच्या उत्तराने बरीचशी दूर झाली; पण ही शंका दूर होत नाही. ज्ञान सगळ्या जगाला मिळते, आणि गैरसोय मात्र एकाच तालुक्याच्या वाट्याला येते.

लहरी

यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. तांत्रिक बाजू एवढीच सांगू शकतो की विजेवर धावणाऱ्या गाडीच्या टपावरचा सांधा वरच्या तारेला घासत जातो तेव्हा ठिणग्या उडतात, आणि शेवंताताईंचा मिक्सर २५,००० व्होल्टवर चालवल्यासारखे ते होते. भुजांवरच्या तबकड्या गावागावांत पसरलेल्या असल्यामुळे 'दुर्बिणीपासून दूर' ही जागा नकाशावर वाटते तेवढी सहज सापडत नाही. परंतु ज्यांच्या शेजारात हे काम चालते त्यांना त्याचा वेगळा मोबदला मिळावा, ही मागणी अडाणीपणाची आहे असे कुणी म्हणत असेल, तर मी तुमच्या बाजूने आहे.

पर्थकर

पश्चिम ऑस्ट्रेलियातून लिहितो आहे. इथे मर्चिसन भागात स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या महादुर्बिणीचा कमी वारंवारतेचा अर्धा भाग उभा राहत आहे. त्यात तबकड्या नाहीतच. दोन मीटर उंचीच्या, नाताळातल्या झाडासारख्या दिसणाऱ्या १,३१,०७२ अँटेना आहेत. दुसरा भाग दक्षिण आफ्रिकेच्या कारू पठारावर असून तिथे १९७ तबकड्या असतील. भारत या प्रकल्पात भागीदार आहे, त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर झाले आहेत आणि भारताच्या सहभागाचे नेतृत्व खोडदची दुर्बीण चालवणारी पुण्याची संस्थाच करते.

टोमॅटोवाला यांच्या मुद्द्यासंबंधी एक आकडा देतो. मर्चिसनचे क्षेत्रफळ सुमारे ५०,००० चौरस किलोमीटर आहे आणि लोकसंख्या शंभरच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या जुन्नर तालुक्याची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास होती. इथे शांतता आयती मिळते. तुमच्याकडे ती लोक राखतात, आणि त्याबद्दल त्यांचे आभार कुणी मानलेले माझ्या वाचनात नाही.

एक पुस्तीही जोडतो. इथली वाजारी यामाजी ही आदिवासी जमात त्या जमिनीची परंपरागत मालक आहे आणि त्यांच्याशी करार करूनच काम सुरू झाले. निर्मनुष्य म्हणतात त्या जागाही कुणाच्या तरी असतात.

हिंगोलीकर

धागा वाचताना सारखे वाटत होते की आमच्या औंढ्याचा उल्लेख कुणी करेल. तो झाला नाही, म्हणून लिहितो.

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे खुद्द अवकाशाचे ताणणे-आखडणे टिपणारी, वेधशाळा होणार आहे. २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथे तबकडी नसेल आणि आरसा आकाशाकडे रोखलेलाही नसेल. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांच्या टोकांना टांगलेले ४० किलो वजनाचे आरसे आणि त्यांच्यामध्ये ये-जा करणारा लेझर, एवढेच. गुरुत्वीय लहर गेली की एक भुजा किंचित लांबते आणि दुसरी आखडते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी पहिली लहर पकडली, तेव्हा लांबीतला हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. ही लहर सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाल्याची होती.

औंढ्यात का, याचे उत्तर या धाग्याच्या विषयाशी जुळते. खोडदला रेडिओ लहरींची शांतता लागते, आम्हांला जमिनीची. जवळून गेलेला ट्रकही या आरशांना जाणवतो. आणि भारतातच का, याचेही उत्तर सोपे आहे. २०१५ ची लहर अमेरिकेतल्या दोन वेधशाळांत ७ मिलिसेकंदांच्या अंतराने पोचली. केवळ दोन कानांनी आवाज साधारण कुठून आला ते कळते, नेमके ठिकाण कळत नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक कान असला तर आकाशातली जागा कितीतरी नेमकी सांगता येते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर नोंदली गेली, तेव्हा इटलीतल्या तिसऱ्या वेधशाळेमुळे शोधायचे क्षेत्र आटोक्यात आले आणि जगभरातल्या दुर्बिणी त्या दिशेला वळल्या. त्यांत खोडदही होती.

आमच्याकडेही जमिनी गेल्या आहेत. काम कधी पूर्ण होते याकडे सारा जिल्हा डोळे लावून बसला आहे, हे वेगळे सांगायला नको.

लहरी

हिंगोलीकर, आपण फार चांगला दुवा जोडला आहे आणि तो आणखी पुढे जातो. चार किलोमीटरच्या भुजेला सेकंदाच्या अंशात संपणाऱ्या लहरी जाणवतात. पण दीर्घिकांच्या मध्याशी असलेली राक्षसी कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरतात, तेव्हा एकेक लहर पुरी व्हायलाच कित्येक वर्षे लागतात. ती मोजायला पृथ्वीवर जागा पुरत नाही. तिथे भुजेऐवजी स्पंदक वापरतात. सेकंदाला शेकडो वेळा फिरणारे हे मृत तारे अतिशय नियमित ठोके देतात. मधले अवकाश ताणले-आखडले गेले, तर ठोका अगदी थोडा लवकर किंवा उशिरा येतो. असे अनेक स्पंदक वर्षानुवर्षे मोजून २९ जून २०२३ रोजी जगातल्या अनेक गटांनी या मंद लहरींचे पुरावे एकाच वेळी जाहीर केले, आणि त्यांपैकी युरोपीय गटाच्या निष्कर्षांत खोडदची निरीक्षणे समाविष्ट होती.

तिथे खोडदची गरज होती ती एका विशिष्ट कारणासाठी. ताऱ्यांमधल्या विरळ वायूत अडखळत आल्यामुळे स्पंदकाचा ठोका कमी वारंवारतेला उशिरा पोचतो, आणि हा उशीर आज एक तर महिन्याने दुसरा असतो. तो वजा केला नाही तर गुरुत्वीय लहर समजून आपण वाटेतल्या वायूचाच उशीर मोजत बसू. कमी वारंवारतेला हा परिणाम मोठा दिसत असल्याने त्याचे मोजमाप तिथेच उत्तम होते.

मीनाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. भाच्याला हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. त्याला कणगीचे उदाहरण कळले नाही, कारण त्याने कणगी पाहिलेलीच नाही. चंद्रावरच्या मोबाइलचे गणित मात्र त्याने स्वतः करून पाहिले आणि उत्तर २७० च आले. आता त्याला स्वतःला एखादे चित्र बनवून पाहायचे आहे. ते शक्य आहे का?

टोमॅटोवाला, आपला प्रतिसाद वाचून मी जरा ओशाळलो. आजोळच्या वाटेवरून ज्या तबकड्यांचे कौतुक करत आलो, त्यांच्यासाठी शेजारच्यांनी काय सोडले, हे कधी विचारले नव्हते.

लहरी

शक्य आहे. या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झला जवळपास ९० टक्के आकाशाचे सर्वेक्षण केले असून त्यात सहा लाखांहून अधिक स्रोत आहेत. त्या नकाशांची चित्रे सर्वांसाठी खुली आहेत. दीर्घिकेचे दृश्य प्रकाशातले छायाचित्र आणि त्यावर हे रेडिओ चित्र एकमेकांवर ठेवायला त्याला सांगा. कित्येकदा छायाचित्रात मधोमध एक साधा ठिपका असतो, आणि रेडिओ चित्रात त्याच ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना लाखो प्रकाशवर्षे लांबीचे फुगे दिसतात. 'असा फोटो दाखव' या त्याच्या मूळ मागणीचे उत्तर तेच आहे.

टोमॅटोवाला

मीनाकाठ, २८ तारखेला भाच्याला घेऊन या. मुलगी आणि मी प्रदर्शनाला जाणारच आहोत. जेवण आमच्याकडे करा. शेतातून एक तबकडी अगदी समोर दिसते, जाळीतून ढग दिसतात का तेही पाहता येईल.

मीनाकाठ (धागाकर्ता)

नक्की येतो. तिथे मोबाइल 'विमान' स्थितीवर ठेवला तर चालेल ना?

गणिताचा मास्तर

पूर्ण बंद करावा. गणित वर दिलेले आहे.